कोरडे पाय

गेल्या महिन्यात एकाच दिवशी मला दोन फोन आले. सकाळी पुण्याहून नातीचा. "आबा, तुम्ही बाबांना समजावा." संध्याकाळी मुलाचा. "आबा, तुम्ही तिला समजावा." म्हातारपणी माणसाला न्यायाधीश व्हावं लागतं, आणि तेही असं की दोन्ही पक्षकार घरचे आणि निकाल काहीही दिला तरी एकजण रुसणारच.

प्रकरण असं होतं. नात सव्वीस वर्षांची, पुण्यात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या पैशाने मोटरसायकल घेतली. आता मैत्रिणींबरोबर मनालीहून लेहला जायचं ठरवते आहे. दोन गाड्या, तिघीजणी. मुलाचं म्हणणं, हे वेड आहे. मी मुलाला शब्द दिला की तिच्याशी बोलतो. बोललोही. पण तोंडातून पहिला प्रश्न निघाला तो असा, "पायात काय घालणार आहेस?"

ती गोंधळली. हेल्मेट घेतलंय म्हणाली, जाकीट आहे, हातमोजे आहेत. पाय? "आहेत ना आबा, माझे स्पोर्ट शूज. नाले लागले तर वरून प्लास्टिकच्या पिशव्या बांधीन." मी म्हटलं, "आधी बूट घे. मग जाण्या-न जाण्याचं बोलू." ती हसली. मी हसलो नाही. का, ते पुढे सांगतो. ते सांगता यावं म्हणूनच खरं तर हा लेख लिहायला बसलो आहे.

तेहतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. त्यामुळे खोड अशी लागली आहे की कुठलाही प्रश्न पुढे आला की त्याचं मूळ शोधल्याशिवाय चैन पडत नाही. मोटरसायकलवर बसून जाणाऱ्या माणसाचे पाय कोरडे कसे ठेवायचे, हा प्रश्न वरवर बाजारातला वाटतो. पण खणायला लागलो तर तो थेट आमच्या जालना जिल्ह्यात येऊन पोचला! वाचकहो, जरा धीर धरा, सांगतो.

मोटरसायकल जन्माला आली तेव्हा तिच्यासाठी वेगळे बूट कुणी शिवले नव्हते. जर्मनीत गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ साली लाकडी सांगाड्याची दुचाकी बनवली. १८९४ पासून हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची गाडी कारखान्यातून विक्रीला येऊ लागली. तिच्यावर बसणारा माणूस कालपर्यंत घोड्यावर बसत होता, म्हणून त्याने घोड्याचाच पोशाख चढवला. घोटा आणि नडगी झाकणारे उंच चामडी बूट, त्यांना चांगली टाच. ही टाच मिरवायला नव्हती. रिकिबीत पाय पुढे सरकून अडकू नये म्हणून ती असे. घोडा उधळला आणि पाय रिकिबीत अडकला तर स्वार फरफटत जाई. आज मोटरसायकलच्या फूटरेस्टवर बूट टेकवला की तीच टाच त्याच्यामागे अडते आणि पाय जागेवर राहतो. घोडा गेला, रिकीब गेली, टाच तेवढी राहिली.

या उंच बुटांतलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे वेलिंग्टन. वेलिंग्टनचा ड्यूक, म्हणजेच आर्थर वेलस्ली. नेपोलियनला वॉटर्लूला हरवणारा म्हणून जगाला ठाऊक. आम्हाला तो त्याआधीपासून ठाऊक आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आमच्या जालना जिल्ह्यातल्या असईला त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई दिली. त्याआधी ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला घेतला होता, नंतर नोव्हेंबरात आडगाव आणि डिसेंबरात गाविलगड.

असईला मी मुलांच्या सहली नेल्या आहेत. केळणा नदीच्या काठावर उभं करून मुलांना विचारायचो, वाटाडे म्हणतात की इथे उतार नाही, मग सेनापतीने काय करावं? वेलस्लीने समोरासमोरच्या काठांवर दोन गावं पाहिली, पिंपळगाव आणि वरूर. दोन गावं अशी जवळजवळ आहेत, म्हणजे लोकांचं येणंजाणं असणार, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा त्याने तर्क केला. उतार निघाला. फौज नदीतून पलीकडे गेली आणि ओल्या पायांनी लढली. त्या दिवशी वेलस्लीचा एक घोडा मारला गेला, दुसऱ्याला भाला लागला. ब्रिटिशांचीही माणसं फार पडली. पुढे आयुष्यभर तो असईची लढाई आपली सर्वांत चांगली कामगिरी मानत असे.

त्यानंतर काही वर्षांनी लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या हॉबी नावाच्या चर्मकाराकडून त्याने बूट करून घेतले. तेव्हाचे हेसियन बूट गोंडे लावलेले, जरा नखरेल. त्याने गोंडे काढायला लावले, चामडं मऊ वासराचं घेतलं, बूट पायालगत बसेल असा कापून घेतला. पँट वरून घालता यावी आणि घोड्यावरही चालावा असा. लोकांनी नक्कल केली आणि बुटाला त्याचंच नाव पडलं. केळणेत भिजलेल्या पायांचा आणि या बुटाचा संबंध मी मनाने जोडतो आहे, कागदोपत्री पुरावा नाही. पण मुलांना हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकायची.

हा वेलिंग्टन चामड्याचा होता. चामडं कितीही तेल-मेण लावलं तरी शेवटी पाणी पितंच. पाणी न पिणारा पदार्थ दुसऱ्याच खंडात होता. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले मूळ रहिवासी रबराच्या झाडाचा चीक थरावर थर देऊन धुरावर वाळवत आणि त्याची पादत्राणं करीत. १८२० नंतर ब्राझीलमधून हे रबरी बूट जहाजं भरभरून बॉस्टनला येऊ लागले. अमेरिकेत रबराचे कारखाने निघाले, लोकांनी पैसे गुंतवले. आणि मग उन्हाळा आला. बूट वितळून चिकट गोळा झाले, घाण वास सुटला. हिवाळ्यात तेच बूट कडक होऊन तडकले. कारखाने बुडाले.

चार्ल्स गुडइयर नावाचा एक कर्जबाजारी माणूस या रबराच्या मागे लागला. १८३९ साली गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीला लागलं आणि ते वितळण्याऐवजी चामड्यासारखं चिवट झालं, अशी त्याची गोष्ट सांगतात. पेटंट मिळालं १८४४ साली. इंग्लंडात मात्र थॉमस हॅनकॉकने त्याचे नमुने पाहून आधीच पेटंटचा अर्ज ठोकला होता. गुडइयर १८६० साली मेला तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. आज टायरवर जे नाव दिसतं ती कंपनी १८९८ साली निघाली, त्याच्या नावाचा मान म्हणून. त्याच्या घरच्यांचा तिच्याशी काही संबंध नाही. पायात रबर घालणाऱ्यांनी आणि चाकात रबर घालणाऱ्यांनी त्याची एकदा तरी आठवण काढावी.

गुडइयरकडून पादत्राणांपुरता हक्क हायरम हचिन्सन नावाच्या अमेरिकनाने विकत घेतला आणि १८५३ साली फ्रान्समध्ये कारखाना काढला. त्याचं गिऱ्हाईक शेतकरी. लाकडी खडावा घालून चिखलात राबणारा माणूस पहिल्यांदाच कोरड्या पायांनी घरी परतू लागला. १८५६ साली एडिंबरोला नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी निघाली. सेनापतीचा बूट असा शेतकऱ्याच्या पायात आला आणि आपल्याकडे येईपर्यंत त्याचा 'गमबूट' झाला.

मग पहिलं महायुद्ध. १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत सैनिक दिवसच्या दिवस गार चिखलात उभे. त्यांत आपले हिंदी शिपाईही होते. पाय सुजायचे, बधिर व्हायचे, काळे पडायचे, कापावे लागायचे. गोळी न लागता माणूस जायबंदी. डॉक्टरांनी याला 'ट्रेंच फूट' नाव दिलं. लष्कराने एडिंबरोच्या त्या कंपनीकडून उंच रबरी बूट मागवले. युद्ध संपेपर्यंत ११,८५,०३६ जोड तयार झाले असा आकडा नोंदलेला आहे. नुसत्या बुटांनी भागलं नाही. कोरडे मोजे पोचवावे लागले, व्हेलच्या तेलाने पाय चोळावे लागले. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सैनिकांच्या जोड्या लावून दिल्या. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचे पाय तपासायचे. तुझ्या पायांना मी जबाबदार, माझ्या पायांना तू.

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आणि त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

आता ते सांगतो, जे आजवर घरात कुणाला नीट सांगितलं नाही.

१९८१ सालची गोष्ट. जुलै महिना. जालना जिल्हा होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. मी तालुक्याच्या गावी राहत होतो आणि चौदा किलोमीटरवरच्या शाळेत जात होतो. त्या उन्हाळ्यात मी एक जुनी मोटरसायकल विकत घेतली होती. मागच्या चाकाची साडी-गार्ड, म्हणजे ती लोखंडी जाळी, आधीच्या मालकाने काढून टाकलेली. बसवून घेईन म्हणता म्हणता राहून गेलं. खर्च फार नव्हता. राहून गेलं, एवढंच.

आमच्याकडची काळी माती ज्यांनी पाहिली आहे त्यांना पावसाळा सांगायला नको. चार पावलं चाललं की पायाला पाच-पाच शेराचा गोळा. तर पहिला पाऊस पडल्यावर मी जालन्याला जाऊन स्वतःसाठी गमबूट घेतले. घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, मलाही काहीतरी बंद असं आणायचं ना. रविवारी माहेरी जायचंय गाडीवर." मी म्हटलं, "बायका कुठे बूट घालतात?" ती काही बोलली नाही. तेव्हाच्या बायका बोलत नसत, आणि आपण त्याला संमती समजत असू.

रविवारी निघालो. माझ्या पायात गुडघ्यापर्यंत रबर. ती मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, पातळाचा ओचा सावरत, पायात प्लास्टिकची चप्पल. सहा वर्षांचा मुलगा टाकीवर माझ्यापुढे. गावाबाहेरच्या वळणावर चिखलात गाडी जरा डुलली. मी पाय टेकवून सावरली. गाडी पडली नाही. पण मागे तिची चप्पल फूटरेस्टवरून घसरली आणि टाच चाकाच्या आऱ्यांत गेली.

टाचेचं मांस निघालं होतं. मागची शीर दुखावली होती. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, दवाखान्यात सात आठवडे. मांडीची कातडी काढून टाचेला लावली. टाचेची जखम भरायला फार वेळ घेते. ती चालू लागली, पण लंगडत. साधी चप्पल पुन्हा कधी घालता आली नाही. पुढची पस्तीस वर्षं ती पातळाखाली कापडी बूट घालत होती. गावातल्या बायका सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसायच्या, मास्तरीणबाई बूट घालतात म्हणून. तिने एकदाही मला माझं ते वाक्य ऐकवून दाखवलं नाही. २०१६ साली ती गेली.

घरात या अपघाताची गोष्ट अशी सांगितली जाते की, "आजीची चप्पल सटकली." मुलालाही हेच माहीत आहे. गोष्ट खोटी नाही. चप्पल सटकलीच होती. पण इतिहासाच्या मास्तराला एवढं कळायला हवं की अर्धं सांगितलेलं खरं हेही लपवणंच असतं. जाळी मी बसवली नव्हती. बूट मी आणले होते, माझ्यापुरते. त्या दिवशी माझे पाय कोरडे होते.

असो.

नंतर मी या विषयावर जे काही हाती लागेल ते वाचत आलो. त्यात एक गोष्ट ध्यानात आली की डोक्याला वकील लवकर मिळाला, पायाला उशिरा. अरबस्तानचा लॉरेन्स म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, १९४१ साली तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आज आपल्या कायद्यातही हेल्मेट आहे. पायांसाठी तसं काही नाही. चप्पल घालून दुचाकी चालवली तर दंड होतो का, अशी चर्चा २०१९ साली इतकी झाली की केंद्रीय मंत्र्यांच्या कार्यालयाला तसा दंड नाही असा खुलासा करावा लागला. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी, मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी आणि फूटरेस्ट हे मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आलं, नियम १२३. तो नियम मला पाठ आहे.

युरोपात मोटरसायकलच्या बुटांसाठी वेगळं मानक आहे, ई. एन. १३६३४. घासलं गेल्यावर बूट किती टिकतो, कापला किती जातो, बाजूने दाब आला तर किती चेपतो, हे तपासून १ किंवा २ असा दर्जा देतात. दोन हा जास्त चांगला. पाणी रोखत असेल तर 'डब्ल्यू आर' अशी खूण असते. हे बूट करणारे बरेच कारखाने इटलीत व्हेनिसच्या वरच्या अंगाला, मोंतेबेलूना आणि आसोलोच्या आसपास आहेत. तिकडे डोंगर चढणाऱ्यांचे बूट शिवायची जुनी परंपरा. १९६३ साली सांते मात्सारोलो यांनी तिथे 'अल्पाइनस्टार्स' काढली ती आधी डोंगरी बुटांसाठीच. नाव पडलं आल्प्समधल्या एका फुलावरून. म्हणजे घोडेस्वाराचा, शेतकऱ्याचा, शिपायाचा आणि गिर्यारोहकाचा, असे चौघांचे वारसे मोटरसायकलच्या बुटात एकत्र आले.

राहता राहिला घामाचा प्रश्न. गमबुटाचा दोष हा की बाहेरचं पाणी आत येत नाही आणि आतला घाम बाहेर जात नाही. तासाभराने पाय भिजतातच, आपल्याच पाण्याने. यावर तोड निघाली ती अमेरिकेत. १९६९ साली बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून पाहत होते. त्या तुटत होत्या. वैतागून त्यांनी एकीला जोराचा हिसका दिला आणि ती न तुटता कितीतरी पट लांब झाली. आत अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली होती. पाण्याच्या थेंबाहून २०,००० पट लहान आणि वाफेच्या रेणूहून ७०० पट मोठी, असं कंपनी सांगते. हेच गोरटेक्स. १९७६ पासून ते बाजारात आहे. अलीकडे असल्या पदार्थांतल्या फ्लोरिनयुक्त रसायनांबद्दल काळजी व्यक्त होते, म्हणून २०२२ पासून त्या कंपनीनेच वेगळा पडदा वापरायला सुरुवात केली आहे.

पण या पडद्यालाही मर्यादा आहे, आणि ती दुकानदार सांगत नाही. वाफ बाहेर जाते ती आत जास्त आणि बाहेर कमी असते म्हणून. लडाखच्या कोरड्या थंड हवेत पडदा छान काम करतो. कोकणातल्या आषाढात, जिथे हवाच ओलीचिंब, तिथे तो बिचारा कुठे सोडणार वाफ?

तर गेल्या पंधरवड्यात मी पुण्याला गेलो आणि नातीबरोबर बुटांच्या दुकानात गेलो. तिकडच्या बुटांची किंमत पाहिली. मी नोकरीला लागलो त्या वर्षीचा माझा सगळा पगार एकत्र केला तरी एक बूटसुद्धा आला नसता, जोड तर सोडाच! पण काही बोललो नाही. संध्याकाळची वेळ मीच सांगितली होती, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी बरोबर बसणारा बूट संध्याकाळी चावतो. प्रवासात घालणार तेच लोकरीचे मोजे बरोबर न्यायला लावले. सुती मोजा भिजला की भिजलेलाच राहतो, लोकर ओली झाली तरी ऊब धरते.

मग मी मास्तरकी सुरू केली. बूट हातात घेऊन कपडा पिळतात तसा पिळून पाहा. सहज पिळला गेला तर अपघातात पायही तसाच पिळला जाईल. घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक वाटी आहे का ते चाचपून पाहा. लांब नाड्या लोंबत असतील तर नको, गिअरच्या दांड्यात अडकतात. तळवा ओल्या दगडावर आणि तेलावर धरणारा हवा. टाच हवी. जीभ दोन्ही बाजूंनी बुटाला वरपर्यंत शिवलेली आहे का ते पाहा, कारण पाणी तिथूनच शिरतं. दुकानाबाहेर गाडी आहे, तिच्यावर बसून बघ. अंगठा गिअरखाली सहज जातो का? दोन्ही पाय जमिनीला पुरतात का? नाल्यात गाडी तोलताना हेच कामाला येणार. आणि पँट बुटाच्या आत खोचायची नाही, वरून सोडायची. नाहीतर गुडघ्यावरून ओघळणारं पाणी बुटात साठतं आणि मग तो न गळणारा बूट म्हणजे भरलेली घागर होते.

दुकानातला मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "काका, तुम्ही चालवता का?" मी म्हटलं, "चालवायचो."

तिसरा जोड तिला बसला. मधल्या उंचीचा, चामडी, आत पडदा असलेला. मी सांगितलं, महिनाभर आधी रोज घाल, नवा बूट घालून एवढ्या प्रवासाला निघायचं नाही. भिजलाच तर शेगडीपाशी ठेवायचा नाही, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळव. आणि बर्फाच्या पाण्याचे नाले सकाळी लवकर ओलांड. दुपारी ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं. ती सगळं मान हलवत ऐकत होती.

पैसे द्यायला गेली तेव्हा मी विचारलं, "दोन गाड्या आणि तिघीजणी. तिसरी कुठे बसणार?"

"माझ्या मागे."

"तिच्या पायात काय?"

"आबा, ती तर नुसती मागे बसणार आहे."

दुकानात बसायला एक बाक होता. त्याच्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. जुलै महिना, गमबूट, जाळी, माझं ते वाक्य. आजीची चप्पल सटकली, या वाक्याच्या मागे काय काय होतं ते. चव्वेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा, तेही बुटांच्या दुकानात, एका अनोळखी पोराच्या देखत. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी मला म्हणायची, बूट घालायला लाजायचं नाही." एवढंच म्हणाली. मग तिने मैत्रिणीला फोन लावला आणि पायाचं माप विचारलं.

दुसरा जोड घ्यायला त्या दोघी पुढच्या शनिवारी जाणार होत्या. गेल्या. फोटो पाठवला आहे मला. चार पाय, चार बूट. गाडीची मागची जाळीही दिसते आहे त्यात. ती मीच दाखव म्हणून सांगितलं होतं.

मुलाला फोन करून सांगितलं, मी तिला अडवलं नाही. तो नाराज झाला. मग त्यालाही सांगितलं, १९८१ सालचं. तो तेव्हा टाकीवर बसलेला होता, त्याला फक्त आईचं ओरडणं आठवतं. तो म्हणाला, "आबा, तुम्ही इतकी वर्षं हे घेऊन बसलात?" मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बूट चांगले आहेत ना पण?"

चांगले आहेत, म्हटलं. दोघींचेही.